गंजराजचं शेवटचं वाक्य

३ मार्च

चिमणे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी, तोवर शिल्लक राहिले तर.

काल संध्याकाळी सहाला मी टीव्हीसमोर बसलो. चार पर्वं, बावन्न भाग, त्या कार्टूनमधला गंजराज मी बोललो. त्याचा शेवटचा भाग बघायचा हक्क माझाच. डॉक्टरांनी माझा घसा कापून नेला असेल, कान जागेवर आहेत. आणि तुला माहीत आहे, हे कान फार वाईट आहेत.

शेवटची पाच मिनिटं. गंजराजनं हात लावून पूल गंजवला, पूल मोडला, आणि तो स्वतःच कठड्याला लोंबकळतोय. ती तळहातातून ठिणग्या सोडणारी पोरगी, आपली ठिणगी, त्याचा हात धरते. इथवर सगळं मी रेकॉर्ड केलं तसं. यापुढे मी काय बोललो होतो ते तुझ्याच समोर बोललो होतो. त्यानं तिचा हात झटकायचा, खदाखदा हसायचं, आणि "म-मी परत येईन" म्हणून नदीत उडी टाकायची. त्या हसण्याचे मी नऊ टेक दिले. घशात काटा होता तरी दिले.

आणि काल काय बघतो? गंजराज वर बघतो. त्याचा तो लोखंडी जबडा करकरायचा थांबतो. आणि तो म्हणतो, "माफ कर." हात सोडतो, पडतो, मरतो. गाणं सुरू.

माझ्या आवाजात! कुणी नकलाकाराच्या नव्हे, माझ्या. चिमणे, ४ नोव्हेंबरला माझं ऑपरेशन झालं. त्या दिवसापासून या घशातून साधी शिट्टी निघालेली नाही. शपथेवर सांगतो, हे वाक्य मी या मालिकेसाठी कधीही बोललेलो नाही. मग मेलेल्या माणसाचा अंगठा उठवतात तसा माझा आवाज कुणी उठवला?

गंजराज माफी मागत नाही. यावरून मी दिग्दर्शकाशी तीन वेळा भांडलो आणि तिन्ही वेळा जिंकलो. आता बोलता येत नाही म्हटल्यावर माझ्या तोंडात शेण घातलंत होय? आणि ध्वनिसंकलक कोण, तर माझी सख्खी पुतणी. नाव मोठ्या अक्षरात आलं. वाचलं.

उत्तर दे. मोबाइलवर निरोप पाठवू नकोस. अंगठ्यानं भांडायला मला जमत नाही. भांडायला कागद लागतो.

काका


८ मार्च

ती. काका,

नमस्कार. तुम्ही रागावला असाल तरी नमस्कार.

तुमचं पत्र स्टुडिओत सगळ्यांसमोर उघडलं, चूक झाली. पहिल्या पानाला मी हसत होते, दुसऱ्याला उठून खोलीबाहेर गेले.

काय झालं ते सांगते. ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेल्याचं कळलं तेव्हा भाग निम्मा रंगवून झाला होता. पुढच्या पर्वात तुम्ही नसणार, मग "परत येईन" कसं म्हणायचं? दिग्दर्शकांनी गंजराजला मारायचं ठरवलं. मरताना काहीतरी बोलायला हवं होतं. एका माणसाला चाचणीला बोलावलं, त्यानं तुमचा आवाज काढला. हुबेहूब काढला. मी हेडफोन काढून ठेवले आणि म्हटलं, हा असेल तर मी नाही.

मग तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून जुळवायचं ठरलं. दुसऱ्या पर्वातून एक तुकडा, तिसऱ्यातून एक, थोडी घासाघीस. दोन शब्दच तर हवे होते. दोन चित्रकारांनी अकरा दिवस बसून त्यावर ओठ काढले. तुमची परवानगी विचारायला हवी होती, कबूल. पण तुम्ही तेव्हा नळ्यांमध्ये होता आणि काका, खरं सांगू, विचारलं असतं तर तुम्ही नळ्या उपटून आला असता.

लोकांना तो शेवट आवडलाय. पत्रं येतायत. आईनंही बघितला.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जाता ना? डॉक्टर म्हणाले होते, रोज सराव केला तर चार-सहा महिन्यांत वाक्यं जमतात. नुसती पाटीवर लिहून किती दिवस भांडणार?

चिमणी


१३ मार्च

चिमणे,

चोर तो चोर, वर शिरजोर. आणि वर तब्येतीची चौकशी!

मी तीस वर्षं काचेच्या खोलीत उभा राहून पोट भरलंय. तुकडे जुळवलेलं वाक्य मला ओळखू येत नाही असं वाटलं तुला? जुळवलेल्या वाक्याला शिवण असते. एक श्वास इकडचा, एक तिकडचा. या वाक्याचा श्वास एक आहे. सबंध आहे. शिवाय वाक्याच्या आधी काहीतरी कापलंय, कारण वाक्य अर्ध्या सोडलेल्या श्वासावर सुरू होतं, आधी श्वास घेतल्याचं ऐकू येत नाही.

तरी म्हटलं, आपला राग आंधळा नको. बावन्न भागांच्या संहिता माळ्यावरून काढल्या. तीन दिवस जमिनीवर बसून एकेक ओळ बोटानं वाचली. "माफ" हा शब्द गंजराजच्या तोंडी कुठेही नाही. "मारीन" आहे, "मोडीन" आहे, "माती करीन" आहे. आणि यांतला एकही "म" सरळ आलेला नाही. गंजराजच्या बोलण्यालाच गंज आहे, तो "म"वर अडकतो, "थ"वर अडकतो, "थां-थांब, ग-गंज चढू दे" हे त्याचं बोलणं. ते अडखळणं मी शोधून काढलं, त्यावर मालिका चालली. मग हा धुतल्यासारखा स्वच्छ "माफ" आला कुठून?

खरं सांग. तळपायाची आग मस्तकाला गेली आहे आणि ती खाली आणायला घशातून आवाज नाही. परवा पाटी आपटली, फुटली. नवी आणली.

त्या बाईंकडे मी जात नाही. एकदा गेलो. हवा गिळायची आणि ढेकर देत देत शब्द काढायचे! "प, ट, क सोपे आहेत, म सगळ्यात अवघड, तो शेवटी घेऊ," म्हणाल्या. समोर एक गृहस्थ बसले होते, दोन वर्षं शिकतायत. विहिरीतल्या बेडकासारखे बोलले, तेही अडखळत. मी अडखळत बोलायचं? मी? त्यापेक्षा मुका बरा.

आता नीट ऐक. २० एप्रिलला हा भाग पुन्हा दाखवणार आहेत. त्याआधी ते वाक्य काढ. नाहीतर निर्मात्यांच्या नावानं तक्रार लिहून ठेवली आहे. चार पानी. तिकीट लावून पाकीट तयार आहे. ते पेटीत पडलं की तुझी खुर्ची जाईल आणि मला वाईट वाटणार नाही.

आणि वहिनींनी का बघितला? त्या तर बघत नाहीत.

काका


१९ मार्च

काका,

पाकिटाचं तिकीट कमी पडलं तर सांगा, मी पाठवते.

तुम्ही मला विचारताय तो शब्द कुठून आला. तुम्हाला ठाऊक आहे कुठून आला. तुम्ही विचारताय ते मी खोटंच सांगत राहावं म्हणून. मी खोटं बोलले, तुम्हाला ते पकडता आलं आणि तुम्हाला किती बरं वाटलं! तीन दिवस संहिता वाचल्या म्हणे. संहितेत नाही हे बघायला तीन दिवस कशाला लागतात, काका? तुम्हीच बोललात ना ते?

२ नोव्हेंबर, शेवटचं रेकॉर्डिंग. नऊ टेक झाले. सगळे टाळ्या वाजवून खाली चहाला गेले. मी काचेच्या अलीकडे खाली वाकून वायरी गुंडाळत होते, तुम्हाला दिसले नसेन. लाल दिवा विझवला होता. पण रेकॉर्डिंग चालू होतं. कारण मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी तुम्हीच मला सांगितलं होतं, "चिमणे, कलाकारामागे दार बंद झाल्याचा आवाज ऐकू आल्याशिवाय रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. खरं काम काम संपल्यावर होतं." अकरा वर्षं मी ते मोडलं नाही. तुमच्यासाठी का मोडू?

तुम्ही माइकसमोर उभे राहिलात. म्हणालात, "दादा, माफ कर. परवापासून माझीही वाचा जाणार." मग पाणी प्यायलात आणि गेलात. दार बंद झालं. मी बटण दाबलं.

तुमचे कान खरंच वाईट आहेत. वाक्याच्या आधी कापलेला शब्द "दादा" आहे. पुढचंही कापलं. मधले दोन शब्द गंजराजला दिले. दिग्दर्शकांना सांगितलं, जुना टेक सापडला. कुणी मला भाग पाडलं नाही. मी मुद्दाम केलं.

का, ते विचारा. नका विचारू, सांगतेच.

"ते अडखळणं मी शोधून काढलं." हे वाक्य तुम्ही मला लिहिता! माझ्या बाबांच्या मुलीला! शोधून काढलं? घरातून उचललं. बाबा "म"वर अडकायचे, "थ"वर अडकायचे, मान थोडी डावीकडे टाकायचे आणि शब्द आला की डोळे मिटायचे. पहिल्या भागात गंजराजनं डोळे मिटले तेव्हा माझा हात नॉबवर तसाच राहिला. चित्रकार म्हणाले, तुमच्या काकांनी करून दाखवलं, काय निरीक्षण आहे!

बाबा बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. बोलायला त्रास होणारा माणूस सव्वीस वर्षं त्या खिडकीत बसला, "फलाट ती-तीन, थां-थांबेल, सात मि-मिनिटं" असं रोज हजार वेळा बोलला आणि कधी कुणाला फलाट चुकीचा सांगितला नाही. पहिलं पर्व संपत आलं तेव्हा कुणीतरी काचेवर टिचकी मारून म्हणालं, "ग-गंज चढू दे!" आख्खी रांग हसली. बाबाही हसले, त्यांना वाटलं काहीतरी विनोद झाला. त्यांना कळायला आठवडा लागला. मग रोज. मोठी माणसंसुद्धा. पुढच्या महिन्यात बाबांनी पार्सलच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे बोलावं लागत नाही, चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. घरीही बोलणं संपलं. मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे.

तुम्हाला आम्ही सांगितलं नाही. बाबांनी शपथ घातली होती. "त्याचं ना-नाव होतंय," म्हणाले.

दुसरं पर्व संपलं आणि बाबा गेले. तुम्ही आलात. फाटकापाशी गल्लीतली पोरं होती, त्यांनी तुम्हाला ओळखलं, सह्या मागितल्या. आणि तुम्ही त्या आवाजात दोन वाक्यं बोलून दाखवलीत. आत बाबा होते.

मी तेव्हा तुम्हाला काही बोलले नाही. तुमच्यासोबत आणखी दोन पर्वं काम केलं, तुमचे टेक पुसले-घासले, तुमचा खोकला कापला. वाट बघत होते, हा माणूस एकदा तरी काही म्हणेल. आणि तुम्ही म्हणालात तर कुणाला? भिंतीला लावलेल्या फोमला.

म्हणून मी ते वाक्य सगळ्या जगाला ऐकवलं. पाठवा तक्रार. खुर्ची गेली तर जाईल.

आईला मी एवढंच सांगितलं होतं, शेवटची पाच मिनिटं टीव्हीचा आवाज मोठा कर.

चिमणी


२४ मार्च

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. आपल्याला पत्र लिहायचा योग तीन वर्षांनी येतो आहे आणि तो असा यावा याचं वाईट वाटतं.

आपल्या मुलीनं माझ्या नकळत माझं एक खासगी बोलणं चोरून रेकॉर्ड केलं आणि ते टीव्हीवर दाखवलं. वर मला शिव्या घालणारं पत्र पाठवलं. तिचं वय पस्तीस असलं तरी आपण तिची आई आहात, तिला चार शब्द सुनवावेत. माझ्या हातून रागाच्या भरात काही होण्याआधी तिनं ते वाक्य काढावं, एवढंच म्हणणं आहे.

बाकी तिनं जे आरोप केले आहेत त्यांबद्दल एवढंच सांगतो की कलाकार आजूबाजूचं टिपत असतो. त्यात कुणाला दुखवायचा हेतू नसतो. दादाला वाईट वाटलं असेल असं मला कुणी कधी कळवलं नाही. कळवलं असतं तर मी नक्कीच विचार केला असता.

प्रकृती ठीक आहे. आपली जपावी.

आपला,
भाऊजी


२९ मार्च

भाऊजी,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एखाद्या कचेरीतून आल्यासारखं वाटलं. शेवटी शिक्का शोधला.

मुलीला चार शब्द सुनवा म्हणता. सुनवले. तिला म्हटलं, तू केलंस ते चूक आहे, माणूस एकटा असताना बोलतो ते उचलू नये. ती रडली. तुमच्या पोटात थंड पडलं असेल तर आता माझं ऐका. मी कधी बोलत नाही म्हणून माझ्याकडे बोलायला काही नाही असं समजू नका.

हे दर रविवारी सहा वाजता टीव्ही लावायचे. तुमची मालिका. एक भाग चुकवला नाही, ताप असताना नाही, बदली झाली तेव्हाही नाही. फक्त आवाज बंद करायचे. पार शून्यावर. चित्रं बघायचे, शेवटी नावं यायची ती बघायचे, तुमचं नाव आलं की मान हलवायचे आणि टीव्ही बंद. मी एकदा चिडले. म्हटलं, बघायचं कशाला मग? तर म्हणाले, "धाकट्याचं का-काम आहे. बघायला नको?"

हे तुम्हाला कुणी कळवलं नाही ना? आता मी कळवते. करा विचार.

आणि दुसरं. ते गेले त्या दिवशी मी आत होते. बायका होत्या, कुणीतरी माझ्या हातात पाण्याचं भांडं दिलं होतं. आणि मला बाहेरून आवाज ऐकू आला. "थां-थांब," असा. भाऊजी, मला वाटलं हे बोलले. हातातलं भांडं टाकून मी बाहेर पळाले. मला वाटलं, सगळ्यांची चूक झाली आहे, डॉक्टरची चूक झाली आहे, हे दारात उभे आहेत आणि मला थांब म्हणतायत. फाटकापाशी तुम्ही होता. पोरं हसत होती. तुम्ही मला बघून हात जोडलेत.

त्या दोन पावलांत मला जे वाटलं होतं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. लेकीलासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण ते तुमचं आहे. ठेवा तुमच्याकडे.

त्यानंतर तो कार्यक्रम घरात लागला नाही. परवा लेक म्हणाली म्हणून लावला, शेवटी आवाज मोठा केला. "माफ कर" ऐकलं. "म" अडला नाही म्हणून कळलं, हे यांचं सोंग नाही, तुमचं स्वतःचं आहे. पण ते मला पोचलं नाही. ते त्या पुलावरच्या पोरीला म्हटलेलं होतं. त्याआधी भिंतीला म्हटलेलं होतं. भिंतीचा तुम्ही काय अपराध केला होता?

मागायची असेल तर इथे येऊन मागा. त्यांच्या खुर्चीसमोर. आणि पाटी घरी ठेवून या. लिहून दिलेलं मी वाचणार नाही. चष्मा काढून ठेवीन.

वहिनी


१० एप्रिल

चिमणे,

या कागदाची मागची बाजू बघ. ती माझी तक्रार आहे, चारही पानं. निर्मात्यांचं नाव, तुझं नाव, कलम, सगळं आहे. फाडली असं लिहिणार होतो, पण फाडून टाकण्यात नाटक असतं आणि ते मी पुष्कळ केलं. म्हणून तिच्याच पाठीवर लिहितोय. वाचून झाली की ठेव किंवा जाळ.

तरी माझं म्हणणं तेच आहे. वाक्य काढ. २० तारखेच्या आत. दिग्दर्शकाला काय सांगायचं ते तू बघ, खोटं तूच बोलली होतीस. गंजराजला तोंड उघडू दे आणि काही न बोलता पडू दे. ते वाक्य त्याचं नाही. कापलेला "दादा" आणि पुढचं सगळं एका जागी जोड आणि तुझ्याकडे ठेव. ऐकायचं तर सबंध ऐक.

तू चोरी केलीस हे मी विसरणार नाही. आशीर्वाद अजून देत नाही. मी केली ती चोरी मात्र तुझ्यापेक्षा मोठी होती, आणि मी तिच्यावर सह्या दिल्या.

वहिनींचं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "प"पासून सुरुवात करू. मी पाटीवर लिहिलं, "म" हवा आहे. त्या म्हणाल्या, तो तीन महिन्यांनी. मी लिहिलं, एका आठवड्यात. त्यांना वाटलं मी विक्षिप्त आहे. बरोबरच वाटलं. आठवडाभर सकाळ-दुपार हवा गिळली. शेजारच्या खोलीतले ते विहिरीतले बेडूक मला शिकवायला येऊन बसायचे. फार चांगला माणूस आहे.

काल तुमच्या घरी गेलो. पाटी नेली नाही. बसमध्ये कंडक्टरनं कुठे जायचं विचारलं आणि मला सांगता येईना. मी बोट दाखवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मुका आहे हो, द्या त्याला तिकीट." मी उतरलो. बसस्थानकावर ती चौकशीची खिडकी बघितली. आता तिथे एक मुलगी बसते, भराभरा बोलते.

वहिनींनी दार उघडलं. या म्हणाल्या नाहीत, बाजूला झाल्या. दादाची खुर्ची टीव्हीसमोर तशीच आहे. मी तिच्यासमोर उभा राहिलो, वहिनी खुर्चीच्या मागे. आतून दूध तापायला ठेवल्याचा वास येत होता.

हवा गिळली. "दादा" आला. कसातरी, पण आला. मग "म". ओठ मिटले आणि उघडेनात. पुन्हा हवा गिळली, पुन्हा मिटले. घाम फुटला. मान आपोआप डावीकडे गेली, चिमणे. मी नेली नाही. ती तिकडेच जाते, शब्द अडला की. हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, मला वाटायचं ती दादाची लकब आहे.

मी वहिनींकडे बघितलं. दादा आमच्याकडे बघायचा तसं. शब्द अडला की तो असा बघायचा आणि आम्ही तो शब्द त्याला देऊन टाकायचो. मी सहा वर्षांचा असल्यापासून देत आलो. दादानं मला बोट धरून शाळेत नेलं, रस्त्यातल्या दुकानांच्या पाट्या माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या, चुकलो की थांबवून पुन्हा वाचायला लावल्या, कारण त्याला स्वतःला वाचून दाखवता येत नव्हत्या. त्यातून माझा आवाज झाला. आणि मी काय केलं, तर त्याची वाक्यं पुरी केली. मला वाटायचं मदत करतोय. मला घाई असायची, एवढंच होतं ते. आयुष्यात एकदाही त्याला त्याचा शब्द संपवू दिला नाही, आणि पुढे तो अर्धा शब्दच विकला.

वहिनींना तो शब्द माहीत होता. त्यांच्या ओठांवर होता, मला दिसत होता. त्यांनी दिला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. आत दूध उतू गेलं, गॅसवर चर्र झालं, करपल्याचा वास आला. त्या हलल्या नाहीत.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. पाचव्या का सहाव्या खेपेला आला. बेडकासारखा, दोन तुकड्यांत. "मा-माफ." मग "कर." ते सोपं गेलं.

"झालं बोलून?" वहिनींनी विचारलं.

मी मान हलवली.

"हे असेच बोलायचे," त्या म्हणाल्या आणि गॅस बंद करायला आत गेल्या.

काका